सोने हायड्रोजन फोडते, म्हणजे नेमके कोण फोडते?

गोदातीर (नांदेड)

गेल्या आठवड्यात बी.एस्सी. तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाला मी वर्गात जे उत्तर दिले ते अर्धवट होते, हे घरी येऊन चहा घेताना लक्षात आले. म्हणून हा धागा काढतो आहे. तिने विचारले होते, "सर, सोने कशाशीच अभिक्रिया करत नाही असे आम्ही पहिल्या वर्षापासून शिकतो. मग धातूच्या ऑक्साइडमध्ये सोन्याचा अणू मिसळला की हायड्रोजनचा रेणू फुटतो, हे कसे?" कण बारीक केला की सोनेही कामाला लागते, असे सांगून मी मोकळा झालो. हे खोटे नाही, परंतु यातून काहीच उलगडत नाही. मुलीने मान हलवली ती केवळ आदरापोटी.

आधी काम किती अवघड आहे ते पाहू. दोन हायड्रोजन अणूंमधला बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोज्यूल, म्हणजे एका रेणूमागे सुमारे साडेचार इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. खोलीच्या तापमानाला उष्णतेची जी ऊर्जा हाताशी असते ती इलेक्ट्रॉन व्होल्टच्या चाळिसाव्या भागाएवढी. केवळ तिच्या भरवशावर राहिलो, तर बंध तुटण्याची शक्यता एकावर सुमारे ७६ शून्ये दिलेल्या संख्येत एक इतकी येते. मे महिन्यात परभणीत पारा ४५ वर गेला की ही शून्ये ७१ च्या आसपास येतात, एवढाच काय तो दिलासा. म्हणून जुना बंध सैल होत असतानाच नवे बंध जुळवून देणारे कोणीतरी शेजारी असावे लागते.

निकेल, पॅलेडियम, प्लॅटिनम यांचे पृष्ठभाग हे काम सहज करतात. सोन्याचा सपाट पृष्ठभाग करत नाही, आणि त्याचे कारण १९९५ साली हॅमर आणि नॉर्स्कोव्ह यांनी 'नेचर' या नियतकालिकात मांडले. सोन्याचा डी-पट्टा, म्हणजे त्याच्या डी इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांचा समूह, भरलेला आहे आणि ऊर्जेने बराच खाली आहे. त्यामुळे हायड्रोजन जवळ आला की सोने आणि हायड्रोजन यांना जोडणारे कक्षक (इलेक्ट्रॉनच्या जागा) भरतात तसे त्यांना तोडणारे कक्षकही भरतात, आणि जोडण्यातून झालेला फायदा तिथेच संपतो. शिवाय सोन्याचे ५डी कक्षक पसरट असल्याने जवळ येण्याचीच किंमत मोठी पडते.

आता ज्या उदाहरणावरून प्रश्न निघाला ते. बीजिंगमधील चिनी विज्ञान अकादमीच्या रसायनशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१४ साली एका धनप्रभारित क्लस्टरची, म्हणजे मोजक्या अणूंच्या पुंजक्याची, हायड्रोजनशी होणारी अभिक्रिया प्रसिद्ध केली. त्या क्लस्टरमध्ये अणू चारच: एक सोने, एक सिरियम (लँथेनाइड गटातला धातू), दोन ऑक्सिजन. त्याचा जमाखर्च मांडला तर सोने +१, सिरियम +४ आणि दोन ऑक्सिजन मिळून −४, म्हणजे एकूण +१. हिशेब पूर्ण जुळतो आणि एकही इलेक्ट्रॉन एकटा उरत नाही. मला अडते ते इथेच. ऑक्साइड आयनांच्या अशा अभिक्रियांत एरवी कर्ता असतो तो एकट्या इलेक्ट्रॉनचा, म्हणजे मूलक अवस्थेतला ऑक्सिजन. तो हायड्रोजनचा एक अणू हिसकावतो आणि दुसरा सोडून देतो. इथे तसा ऑक्सिजन नाही, सोने तर आळशीच, आणि सिरियमने आपले चारही संयुजा इलेक्ट्रॉन आधीच देऊन टाकलेले. मग कर्ता कोण?

कसोटीचा दगड (लातूर)

सर, आमच्या घरी तीन पिढ्यांचा सराफीचा व्यवसाय आहे, रसायनशास्त्र माझे बारावीपर्यंतचेच. सोन्याचा हा आळस हेच आमचे भांडवल आहे. कसोटीच्या दगडावर ओढलेल्या रेघेवर तेजाब टाकल्यावर तांब्याची रेघ विरघळून जाते आणि सोन्याची राहते, यावरच आमचा धंदा उभा आहे. पैठणीच्या जुन्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असे, तोही याच कारणासाठी. त्यामुळे मला आधी हे विचारायचे आहे, की त्या क्लस्टरमधले सोने हे आमच्या दुकानातलेच सोने आहे का? की केवळ नाव तेच?

पीएचडी चालू (छत्रपती संभाजीनगर)

दगडभाऊ, आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. दुकानातले सोने म्हणजे अब्जावधी अणूंचा समूह. त्यातले बाहेरचे इलेक्ट्रॉन कोणा एकाच्या मालकीचे नसतात. पिवळा रंग, चकाकी, तार ओढली जाण्याचा गुण हे सगळे त्या समूहाचे गुण आहेत, आणि गोदातीर सरांनी सांगितलेला डी-पट्टाही समूहाचाच. क्लस्टरमधल्या एकट्या अणूला पट्टा नसतो. तिथे सोन्याने आपला बाहेरचा ६एस इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या बाजूला दिलेला असतो. ५डी मध्ये दहा इलेक्ट्रॉन भरलेले आणि ६एस रिकामा.

हा रिकामा ६एस फार महत्त्वाचा आहे. सोन्याच्या केंद्रकावर ७९ प्रोटॉन असल्यामुळे आतले इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात की सापेक्षतेचे परिणाम दुर्लक्षिता येत नाहीत, आणि ६एस कक्षक आकसून केंद्रकाकडे ओढला जातो. म्हणून सोन्याला इलेक्ट्रॉनची हाव आहे. पॉलिंगच्या मापावर त्याची विद्युतऋणता २.५४ आहे, म्हणजे कार्बनच्या जवळपास. आणि एक इलेक्ट्रॉन मिळाला तर ते २.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा बाहेर टाकते. चांदी किंवा तांबे याच्या जवळही नाहीत. म्हणजे ज्या गुणामुळे आपले सोने काळवंडत नाही, त्याच गुणामुळे एकटे पडलेले धनप्रभारित सोने समोर येणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोडीकडे ओढले जाते. हायड्रोजनच्या रेणूकडे तर ती एक जोडी सोडून दुसरे काहीच नाही.

घाणा (उदगीर)

मी काही वर्षे वनस्पती तुपाच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टरवर होतो. तिथे तेलात निकेलची पूड टाकून दीडशे ते दोनशे अंशांना हायड्रोजन सोडत असू, आणि माल तयार झाला की निकेल गाळून घेण्यासाठी फिल्टर प्रेस चालवावा लागे. ते काळे कापड धुण्याची आठवण अजून हाताला आहे. आम्हाला सांगितले जाई की निकेल हायड्रोजनचे दोन तुकडे करते आणि ते तुकडे तेलाच्या दुहेरी बंधावर जाऊन बसतात. मग निकेलने केलेले दोन तुकडे आणि या सोन्याच्या चौकडीने केलेले दोन तुकडे, यांत फरक काय?

पीएचडी चालू (छत्रपती संभाजीनगर)

घाणाकाका, फरक वाटणीचा आहे. बंधात दोन इलेक्ट्रॉन असतात. निकेलवर बंध तुटतो तेव्हा दोन भावांत शेत वाटावे तशी वाटणी होते, प्रत्येक अणूला एकेक इलेक्ट्रॉन मिळतो आणि दोघेही निकेलच्याच अणूंवर वस्ती करतात. याला होमोलिटिक विभाजन म्हणतात. चौकडीत वाटणी अशी होत नाही. एक हायड्रोजन दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन सोन्याकडे जातो, म्हणजे तो हायड्राइड होतो. दुसरा रिकाम्या हाताने, केवळ प्रोटॉन म्हणून, ऑक्सिजनवर जाऊन बसतो. हे हेटेरोलिटिक विभाजन.

हे एका दमात होते, पण बाजू दोन आहेत. रेणू जवळ येतो तेव्हा त्याच्या भरलेल्या सिग्मा (बंध जोडणाऱ्या) कक्षकातले इलेक्ट्रॉन सोन्याच्या रिकाम्या ६एस मध्ये झिरपू लागतात, म्हणजे दोन हायड्रोजनना धरून ठेवणारा गोंदच कमी होतो; त्याच वेळी शेजारच्या ऑक्सिजनवरची एकाकी जोडी हायड्रोजनच्या रिकाम्या सिग्मा-स्टार (बंध तोडणाऱ्या) कक्षकात शिरते आणि उरलेला बंध सैल करते. ओढणारा एक, ढकलणारा दुसरा. केवळ सोने असते तर रेणू त्याला चिकटून राहिला असता. केवळ ऑक्सिजन असता तर त्याच्याजवळ थांबलाही नसता. गोदातीर सरांच्या 'कर्ता कोण' या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की इथे कर्ता एकवचनी नाही.

जमाखर्चही पाहावा. ऑक्सिजन–हायड्रोजन बंधातून साडेचार ते पाच इलेक्ट्रॉन व्होल्ट परत मिळतात, सोने–हायड्रोजन बंधातून तीनच्या आसपास. खर्च साडेचार. उरलेल्यातले बरेचसे सिरियम आणि ऑक्सिजन यांच्यातला बंध कमजोर होण्यात जाते, तरी व्यवहार तोट्यात जात नाही.

बालाघाट (बीड)

चर्चा छान रंगली आहे, परंतु सगळेजण निष्कर्षाकडे फार लवकर गेले असे मला वाटते. मी अनेक वर्षे मास स्पेक्ट्रोमीटरवर काम केले आहे, तेव्हा मला ते यंत्र काय सांगते आणि काय सांगत नाही याचीच काळजी अधिक आहे. ते फक्त वजन करते.

पहिली शंका. सोने १९७, सिरियम १४०, दोन ऑक्सिजन ३२, अशी बेरीज ३६९ येते. हायड्रोजनचा रेणू चिकटला की ३७१. परंतु निसर्गातल्या सिरियममध्ये साधारण ८८ टक्के १४० वजनाचा आणि ११ टक्के १४२ वजनाचा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) असतो, म्हणजे हायड्रोजन अजिबात न सोडताही ३७१ वर रेघ दिसणारच. सोन्याचा स्थिर समस्थानिक एकच असल्याने त्याच्याकडून गोंधळ नाही, पण सिरियम दगा देतो. दुसरी शंका याहून मोठी आहे: ३७१ ही रेघ खरोखर हायड्रोजनमुळे आली असे मानले, तरी रेणू फुटून बसला आहे की अखंड चिकटला आहे हे वजनावरून कसे कळणार? फोडलेली सुपारी आणि अखंड सुपारी तराजूत सारखीच भरते.

पीएचडी चालू (छत्रपती संभाजीनगर)

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. लेझरने धातूच्या चकतीवर मारा करून, हेलियमच्या झोतात ऑक्सिजन मिसळून क्लस्टर तयार होतात तेव्हा त्यात नाना प्रकारचे आयन असतात. त्यातून क्वाड्रुपोल गाळणीने फक्त ३६९ वजनाचे आयन निवडून आयन-सापळ्यात सोडले जातात. १४२ वाला सिरियम दारातच अडतो. मग सापळ्यात हायड्रोजन सोडायचा, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा वजन करायचे. खात्रीसाठी हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम (दुप्पट वजनाचा हायड्रोजन) सोडला तर रेघ ३७३ वर सरकली पाहिजे, आणि तिथे दुसऱ्या कशाची अडचण नाही.

दुसरी शंका मात्र खरी आहे आणि मी ती झटकून टाकणार नाही. अखंड रेणू धातूला चिकटून राहू शकतो हे १९८४ सालीच कुबास यांनी टंगस्टनच्या संयुगात दाखवून दिले आहे. केवळ वजनावर कोणी 'फुटला' असे म्हणत असेल तर त्याने थांबावे. मदतीला दोन गोष्टी येतात. एक, अखंड रेणूची पकड बहुधा सैल असते. निर्वातात एका टकरीतून जन्मलेल्या जोडीकडे जी ऊर्जा येते ती बाहेर टाकायला भोवती पुरेसे कोणी नसते, म्हणून सैल पकडीचा रेणू सुटून जाण्याचीच शक्यता मोठी. दोन, गणित. घनता-फलन पद्धतीने, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढण्याच्या गणिताने, वाटेवरचा प्रत्येक टप्पा मोजतात आणि वाटेतला सर्वांत उंच घाट सुरुवातीच्या ऊर्जेपेक्षा खाली आहे का ते पाहतात. सापळ्यातल्या आयनाला बाहेरून उष्णता घेऊन घाट चढण्याची सोय नसते, त्यामुळे घाट वर असेल तर ती वाट बंदच मानावी लागते. याखेरीज अशा आयनांवर अवरक्त लेझर टाकून ३६०० ते ३७०० प्रति सेंटिमीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन–हायड्रोजनचे कंपन सापडते का हे तपासता येते. ते सापडले तर बंध फुटल्याची साक्ष थेट मिळते.

बालाघाट (बीड)

हे उत्तर मला पटले, विशेषतः 'थांबावे' हा शब्द. गणित आणि वजन यांनी मिळून एकच गोष्ट सांगितली तर ती मानायला माझी हरकत नाही. फक्त विद्यार्थ्यांना शिकवताना मोजलेले काय आणि ताडलेले काय, हे वेगळे सांगितले जावे.

दुधना (परतूर)

मी एम.एस्सी. प्रथम वर्षाला आहे. विचारू का, चुकले तर सांगा. आपण जे ओढणारा आणि ढकलणारा म्हणालात, ते म्हणजे आम्हाला शिकवलेली लुईस आम्ल (इलेक्ट्रॉनची जोडी घेणारे) आणि आम्लारी (ती देणारे) यांचीच जोडी झाली ना? पण आम्ल आणि आम्लारी शेजारी ठेवले तर ते एकमेकांशीच जुळतील. हायड्रोजनसाठी कशाला थांबतील?

गोदातीर (नांदेड)

चुकलेले काही नाही, हाच प्रश्न २००६ साली रसायनशास्त्रज्ञ डग्लस स्टीफन यांच्या गटाने उलटा करून दाखवला. त्यांनी फॉस्फरस आणि बोरॉन असलेल्या एकाच रेणूत दोघांभोवती इतके अवजड गट ठेवले की त्यांना एकमेकांपर्यंत पोहोचताच येईना. मग त्या अतृप्त जोडीने मध्ये आलेला हायड्रोजन फोडला, आणि तेही कोणत्याही धातूशिवाय. लग्न ठरले पण गाव लांब, अशी ती स्थिती. क्लस्टरमध्ये अवजड गट नाहीत, तिथे अंतर राखण्याचे काम सिरियम करतो. ऑक्सिजनला त्याने स्वतःशी घट्ट धरून ठेवलेले असते, म्हणून तो सोन्याची भूक पूर्णपणे भागवू शकत नाही. आपली चर्चा सुरू झाल्यापासून मी सिरियमला बिनकामाचा समजत होतो. ती माझी चूक होती. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत तो विपुल सापडतो, आणि पुस्तकात मात्र लँथेनाइडांच्या रांगेत दुसरा म्हणून येऊन जातो.

बालाघाट (बीड)

आता माझी शेवटची हरकत. निर्वातात तरंगणारे चार अणू म्हणजे कारखान्यातला उत्प्रेरक नव्हे. घाणाकाकांच्या रिअ‍ॅक्टरमध्ये असे सुटे आयन क्षणभरही टिकणार नाहीत. मग या खेळातून प्रत्यक्षात काय हाती लागते?

पीएचडी चालू (छत्रपती संभाजीनगर)

सुटे आयन टिकणार नाहीत, हे मान्य. परंतु हा क्लस्टर कशाचे छोटे रूप आहे ते पाहावे. जपानमध्ये हारुता यांनी १९८७ साली दाखवले की काही नॅनोमीटरचे सोन्याचे कण योग्य ऑक्साइडवर बसवले की कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीभवन शून्याखाली ७० अंशांनाही होते, आणि तेव्हापासून वाद हाच होता की काम कणावर होते, ऑक्साइडवर होते की दोघांच्या सीमेवर. हायड्रोजनच्या बाबतीत २००९ साली फुजितानी, हारुता आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर सोन्याचे वेगवेगळ्या आकाराचे कण बसवून हायड्रोजन आणि ड्युटेरियम एकत्र सोडले. दोन्ही रेणू फुटले तरच तुकड्यांची अदलाबदल होऊन एक हायड्रोजन आणि एक ड्युटेरियम असलेला मिश्र रेणू तयार होतो. म्हणजे बालाघाट सरांची 'फुटला की चिकटला' ही शंका या प्रयोगात उरतच नाही. मिश्र रेणूचे प्रमाण कणांच्या परिघाच्या लांबीबरोबर वाढत गेले. सोन्याचा कण म्हणजे शेत धरले तर काम शेतात नव्हे, बांधावर होते. आणि बांधावर एका बाजूला सोने, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. चार अणूंचा क्लस्टर म्हणजे त्या बांधाचा एक खडा उचलून निर्वातात ठेवलेला, जिथे प्रत्येक इलेक्ट्रॉनचा हिशेब मागता येतो. बांधावर एकाच वेळी हजार गोष्टी घडत असल्याने तिथे तो मागता येत नाही.

बालाघाट (बीड)

बांधाचे उदाहरण ऐकून कागदावर आकडेमोड केली, ती देतो. ठरावीक वजनाचे सोने घेतले आणि कणाचा व्यास अर्धा केला, तर कणांची संख्या आठपट होते. प्रत्येकाचे क्षेत्रफळ चतुर्थांश होते, म्हणून एकूण पृष्ठभाग दुप्पट. परंतु प्रत्येकाचा परिघ निम्माच होतो, म्हणून एकूण परिघ चौपट. दहा नॅनोमीटरवरून अडीचवर आलो तर पृष्ठभाग चौपट आणि परिघ सोळापट. गोदातीर सरांचे 'बारीक केले की सोने कामाला लागते' हे वाक्य म्हणूनच अगदी टाकाऊ नव्हते. बारीक केल्याने सोने बदलते त्याहून त्याचा शेजार अधिक बदलतो.

कसोटीचा दगड (लातूर)

म्हणजे आमच्याकडे घट धरतात ती वजनात, आणि तुमच्याकडे किंमत ठरते ती कडेच्या लांबीवर. वडिलांना हे सांगितले, ते म्हणाले की मग मोडीचे सोने तुमच्या लोकांनाच विकावे.

गोदातीर (नांदेड)

काल वर्गात पुन्हा गेलो आणि आधीचे उत्तर मागे घेतो असे सांगून फळ्यावर जमाखर्च मांडला. अभिक्रियेनंतर सोने +१, सिरियम +४, सोन्यावरचा हायड्राइड −१, हायड्रॉक्सिल −१ आणि उरलेला ऑक्सिजन −२. बेरीज पुन्हा +१. म्हणजे रेणू फुटला, परंतु कोणत्याही धातूचा ऑक्सिडेशन नंबर बदलला नाही, आणि हेच हेटेरोलिटिक विभाजनाचे लक्षण आहे.

त्याच विद्यार्थिनीने लगेच विचारले, की या चौकडीतून सोने काढून घेतले आणि एक धन प्रभार तसाच ठेवला तर काय होईल? मी तिलाच खडू दिला. सिरियम +४, दोन ऑक्सिजन −४, बेरीज शून्य, पण हवी +१. सिरियमकडे द्यायला पाचवा इलेक्ट्रॉन नाही, तेव्हा एका ऑक्सिजनला −२ ऐवजी −१ वर थांबावे लागते, म्हणजे तो एकट्या इलेक्ट्रॉनचा होतो. असा ऑक्सिजन हायड्रोजनचा एकच अणू हिसकावतो आणि दुसरा सोडून देतो, त्यामुळे त्या वाटेने वजन १७२ वरून १७४ वर नव्हे, १७३ वर जाईल. सोन्याने दिलेल्या त्या एका इलेक्ट्रॉनमुळे ऑक्सिजनची ही हिसकावण्याची रीतच बदलते, हे तिने फळ्यासमोर उभे राहून मला सांगितले. पुढच्या तासाला तिला हाच हिशेब सोन्याच्या जागी चांदी घालून करायचा आहे, आणि जमाखर्च अगदी तसाच जुळत असताना इलेक्ट्रॉनची हाव कमी असल्याने ओढणारी बाजू किती ढिली पडेल, यावर वर्गात दोन तट आधीच पडले आहेत.